सरांच्या दातांची खूण

प्रिय काशीराम,

टक्. आपट्याच्या शाळेत कवितेची ओळ संपली की सरांच्या दातांवर पाईप आपटायचा, तो आवाज. पाईप विझलेलाच असायचा, वर्गात त्यांनी तो कधी पेटवला नाही. ओळ म्हणायला तोंडातून काढायचा, ओळ संपली की परत दातांत. टक्. त्यानंतरची शांतता मला कवितेइतकीच आवडायची. तू मात्र बाकाखाली बोरं खात मला कोपराने ढोसायचास, "बाल्या, संपली का रं?"

मी इथे पनवेलात, लाईन आळीत बरा आहे. निवृत्तीनंतर लागलेला नाद सुटलेला नाही. लोक आजोबा-पणजोबांचे पाईप आणून देतात. लाकूड टिकलेलं असतं, पण तोंडात धरायची काळी नळी हिरवट-पिवळी पडलेली असते. कडक रबरच ते, उन्हाने आणि वर्षांनी विटतं. भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासत राहायचं, मग जुन्या धोतराच्या चिंधीने तेल चोळायचं. हळूहळू आतून काळोख वर येतो, अवसेच्या आभाळासारखा. हस तू. मला अजून असंच सुचतं.

सर गेले तेव्हा वसुंधराबाईंनी नवऱ्याचा हा पाईप माझ्या ओंजळीत ठेवला होता. म्हणाल्या, "चमकव हवा तेवढा, पण त्यांच्या दातांच्या खुणा जाऊ देऊ नकोस." त्या दोन खळग्यांभोवती मी चिंधीचं टोक वातीसारखं वळून पॉलिश केलं. बाईंची नजर गेल्यापासून त्या अधूनमधून नेऱ्याहून येतात, त्या खळग्यांवर अंगठा फिरवत बसतात. चहा निवतो. मग पाईप माझ्या हातात परत ठेवून उठतात.

करंजाड्याच्या तुझ्या नव्या इमारतीतल्या सभागृहाला तू सरांचं नाव दिलंस, तेव्हा मला केवढा आनंद झाला! कार्यक्रमापुरता पाईप मागितलास, मी दिला. त्याआधी माझ्या टेबलाशी बसून किती आस्थेने विचारलं होतंस, "दात लागलेली नली सपाट कशी करतोस रं?" मी हुरळलो. दुसऱ्याच एका नळीवर करून दाखवलं. दिव्याच्या आचेवर अलगद फिरवली की त्या रबराला आपला मूळ आकार आठवतो आणि खळगे आपोआप भरून येतात.

पडदा सरला आणि काचेच्या पेटीत पाईप नवाकोरा! नळी गुळगुळीत. तू माईकवर म्हणालास, "सरांनी शेवटी हा माझ्याच हातात दिला." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर गाठलं तर खांद्यावर हात टाकून म्हणालास, "आरं, चावलेला पाईप काचंत ठेवला तर लोकं हसतील ना! आनि तुजं नाव घेत बसलो असतो तर भाषन संपलंच नसतं." तू हसलास. तुझ्या शेजारी उभ्या रंभावहिनी हसल्या नाहीत, एवढं मी पाहिलं.

नाव घेतलं नाहीस त्याचं मला काही नाही. खोटं बोललास, तेही एखादे दिवशी विसरेन. पण माझ्याच टेबलावर, माझा चहा पीत, माझ्याकडूनच शिकलास आणि सरांचं जेवढं उरलं होतं तेवढं पुसलंस. ते आता कुणालाच परत आणता येणार नाही. कपाटात तशाच घडणीचा दुसरा पाईप आहे. मनात आलं, नळी गरम करून आपणच चावावी. पण माझी कवळी, आणि बाईंचा अंगठा काही फसणार नाही.

हे पत्र एवढ्याचसाठी. बाईंचा निरोप आला आहे, रविवारी येते, सरांचा पाईप हातात दे. त्यांना काय द्यायचं, सांग. रविवारी तू ये, पाईप घेऊन ये आणि त्या खुणा कुठे गेल्या ते त्यांना तुझ्या तोंडाने सांग. मला ते जमणार नाही. एवढं केलंस तर बाकीचं मी तुला कधी विचारणार नाही.

खाली सही करणार तोच रिक्षा थांबली. मला वाटलं, कुरियर असेल. दार उघडं होतं. आपल्या भाचीच्या मुलीच्या, भाविकाच्या खांद्यावर हात ठेवून बाईच उभ्या आहेत. रविवार उजाडायचा आहे अजून. म्हणताहेत, "राहवलं नाही रे, बाळाराम." आणि उंबऱ्यातूनच त्यांनी हात पुढे केला आहे.

तुझाच,
बाळाराम