टाचणीचा नंबर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दंडवत. (लांबूनच घालतोय. जवळून घातला की माझी मान खाली जाते आणि तुझा हात मोकळा राहतो, हे मी लहानपणीच शिकलोय.) भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? त्यांना म्हणावं, शेक द्या आणि दुकानात गिऱ्हाइकांशी वाद घालू नका, वाद घालताना माणूस नकळत पाय आपटतो. चष्म्याचा धंदा बरा चालला असेल. इकडे सगळे ठणठणीत आहेत आणि जे नव्हते तेही आता नीट जेवायला लागलेत. ते का जेवत नव्हते ते ओघात येईलच.

तू फोनवर एकच अट घातलीस आणि माझं ऐकून न घेता फोन ठेवलास. मोठ्या शिबिराला आमच्या बॉक्सिंग क्लबातून एकच जण जाणार, मग तो कुठल्या का वजनाचा असेना. तो जण तुझी लेक असेल, तर तू चकार शब्द काढणार नाहीस. नसेल, तर तिने हातमोजे कायमचे खुंटीला टांगायचे आणि तुझ्या दुकानात येऊन बसायचं. अट सरळ आहे. उत्तरही सरळच आहे, पण आधी सगळं ऐकून घे, नाहीतर तू माझ्यावरच घसरशील.

पंचाईत अशी की बॉक्सिंगमध्ये हलक्याची गाठ भारीशी कधी पडतच नाही. तेव्हा वजन बाजूला ठेवलं तर सगळ्यांत सरस कोण, हे नुसतं डोक्यातल्या डोक्यात ठरवायचं असतं. जगातल्या आजच्या बॉक्सरांच्या अशा क्रमवाऱ्या जाणकार लोक लावतात, आणि त्या वाचून आमच्याकडे रोज एकदा तरी हमरीतुमरी होते (रिंगच्या बाहेर, आत सगळे शिस्तीत असतात). भारी गडी म्हणतात, एका ठोशात समोरचा आडवा झाला पाहिजे. हलके म्हणतात, आधी तो ठोसा लागू तर दे. मधल्या वजनाचे दोन्हीकडच्यांना अक्कल शिकवतात आणि दोन्हीकडून बोलणी खातात. जगाच्या यादीवरून इतकं, तर घरच्या यादीवरून काय होईल याची मला कल्पना होती. म्हणून मी एकटा न ठरवता तिघांची समिती केली: मी, आमचे दातांचे डॉक्टर (क्लब सुरू झाल्यापासून त्यांची भरभराट आहे) आणि आमच्या चड्ड्या शिवणारा शिंपी.

मुलांना मी स्पष्ट सांगितलं की या वेळी वजन बघणारच नाही. हीच माझी चूक. स्पर्धा म्हटली की बॉक्सर आधी जेवण सोडतो, पाणी सोडतो आणि घाम काढत बसतो. वजनकाटा हा त्याचा जन्माचा वैरी. त्याला कोणी 'वजन बघणार नाही' म्हटलं तर तो समजतो, यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे. झालं, सगळ्यांनी उपास धरले. आमचा क्लब लाँड्रीच्या माडीवर आहे. खालच्या इस्त्रीच्या खोलीत ही मंडळी स्वेटरवर रेनकोट चढवून वाफेत बसायला लागली. लाँड्रीवाला वर येऊन म्हणाला, लोकांचे शर्ट धुतल्यावर जास्त घाण वास मारतात. आमचा सगळ्यांत उंच आणि वजनदार गडी, ज्याला सगळे कपाट म्हणतात, तो तर त्या खोलीत मुक्कामालाच होता.

चाचणीच्या सकाळी जे व्हायचं तेच झालं. प्रत्येकाने टांगलेल्या पिशवीवर ठोसे मारायचे, समितीने बघायचं. एकेक जण यायचा, चार ठोसे मारायचा आणि पिशवीला मिठी मारून उभा राहायचा. कपाटाने एकच मारला. त्या एका ठोशात छताचा हूक प्लास्टरसकट निघाला, पिशवी खाली आली, तिच्यावर कपाट आला, आणि दोघांपैकी कोणीच उठेना. डॉक्टर धावले आणि सवयीने त्याचं तोंड उघडून दात बघायला लागले.

शेवटी तुझी लेक आली. (तिला इथे टाचणी म्हणतात, ते का, हे भिंतीवर तिची उभी सावली पाहिलीस तर कळेल.) तिने सकाळी उकडलेली अंडी आणि माझ्या वाटणीचा पाव खाल्ला होता. मी विचारलं, तू गं का जेवलीस? तर म्हणाली, "वजन बघणार नाही असं तूच म्हणालास ना, मामा?" अख्ख्या क्लबात माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारी ती एकटी. दुसऱ्या पिशवीवर ती मारत सुटली ती आम्ही थांबवेपर्यंत थांबली नाही. तिचा डावा हात बघून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा पुढचा खोटा दात त्यांनीच बसवलाय, आणि खरा कोणी पाडला तेही त्यांना मी सांगितलेलं आहे. घराण्याचा हात त्यांनी ओळखला.

डॉक्टरांचं मत टाचणीला. शिंपी म्हणाला, छत खाली आणणारा तो पहिला. राहिलो मी. सगळा क्लब माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मामा भाचीलाच देणार हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी कपाटाचं नाव घेतलं. तो तेव्हा बाकावर आडवा पडून साखरपाणी पीत होता, त्याला ठसका लागला. मी स्टुलावर चढून दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं: पहिला कपाट, दुसरी टाचणी.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. "ठीक आहे, मामा," एवढंच म्हणाली आणि हातांच्या पट्ट्या सोडून नीट गुंडाळून ठेवल्या. मला तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. तर ताई, उत्तर असं: दुसरी. ठरल्याप्रमाणे ती शनिवारच्या बसने निघेल. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
खोट्या दाताचा धाकटा

ता. क. तिला दुकानात बसवण्याआधी एक कर. ती तिकडे येण्याऐवजी शनिवारी तूच इकडे ये. तू तिला रिंगमध्ये एकदाही पाहिलेलं नाहीस. मागच्या बाकावर बस, आणि मग तिचा कितवा नंबर ते तूच सांग. इतकं लांबण लावलं ते खरं म्हणजे एवढ्यासाठीच.

आणखी एक ता. क. पत्र टाकायला निघताना क्लबात डोकावलो. फळ्यावर आता पहिली टाचणी आहे आणि दुसरा कपाट. स्टूल माझ्या खोलीत कुलपात होतं. स्टुलाशिवाय त्या फळ्याला हात पोचेल असा क्लबात एकच माणूस आहे. मामा असून मला जे जमलं नाही ते त्याने केलं, आणि मला शरम वाटली. मी काही पुसलेलं नाही, पुसणारही नाही. तेव्हा अटीप्रमाणे आता तू चकार शब्द काढायचा नाहीस. शनिवारी ये मात्र.