बळूच्या हातचं पाणी

मुलुंड,
कोजागरीचा दुसरा दिवस, १९५५

चि. बळवंत यास माणिकताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. भाऊबीजेला येतोस, दोन दिवस राहतोस, अनारसे कर म्हणतोस. हुकूम सोडायची सवय काही गेली नाही तुझी. आम्ही सगळी बरी आहोत. यांची कचेरीतली बढती पुन्हा हुकली, त्यामुळे घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. नीला चौथीत गेली. अनारशाचे तांदूळ मी अजून भिजत घातलेले नाहीत. का, ते लिहिते.

नवरात्रात घाटकोपरला तुझा कार्यक्रम झाला, त्याला मी आले होते. तुला कळवलं नाही. बायकांच्या बाजूला खांबाआड बसले होते, सोबत नीला आणि शेजारच्या मंजुळाबाई. गळा तुझा अजून तसाच आहे, खोटं कशाला बोलू? पाटलाच्या गोष्टीला मीही पोट धरून हसले. मग तू डफ खाली ठेवलास, "आता माझ्या आईची कथा सांगतो" म्हणालास, आणि सांगता सांगता सूर लावलास :

पाणी पाणी करी माय, लेक दार लोटी गं
कोस तुडवीत आला पूत, ओंजळ लावी ओठी गं

मांडवभर बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मंजुळाबाईंनीही लावला, आणि मग हळूच माझ्याकडे बघितलं. तुला बहीण एकच, हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून त्या विरजण मागायला माझ्याकडे येत नाहीत, पलीकडच्या कुंदाकडे जातात.

तू कुठले रे कोस तुडवलेस? आई गेली तेव्हा तू साताऱ्याकडे जत्रेत होतास. तार तुला वेळेवर मिळाली होती. ती खिशात घालून तू कार्यक्रम केलास आणि तिसऱ्या दिवशी उगवलास. तुझ्या तुणतुणेवाल्या रामनाथनं मला तेव्हाच सांगितलं होतं. मी आजवर कधी काढलं नाही, आज काढते.

मंजुळाबाईंचं मरो. पण नीलाला ते गाणं पाठ झालंय. गेल्या आठवड्यात मी तापानं पडले होते. तर पोरगी तांब्याभांडं घेऊन उशाशी आली आणि म्हणाली, "आई, तू म्हातारी झालीस ना, की मी देईन हं तुला पाणी. मी नाही तुझ्यासारखं करणार." मायेनं म्हणाली रे. म्हणूनच जास्त लागलं.

तेराव्याला तू मोरीपाशी बसून लहान मुलासारखा रडत होतास. "ती माझी वाट बघत गेली," एवढंच म्हणत होतास. मला बघवेना, म्हणून मी तुला सगळं सांगितलं. आईच्या अंगावर सूज होती, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, मी तेवढंच देत होते. डोळ्यांनी तर तिला काहीच दिसत नव्हतं. सारखी विचारायची, "बळू आला का?" शेवटी मी साबण लावून हातातल्या बांगड्या उतरवल्या. सवाष्णीनं भुंडे हात करू नयेत, पण किणकिण झाली असती तर तिनं ओळखलं असतं. तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आवाज जाड करून म्हटलं, "आलो गं आई."

तिनं माझा हात चाचपला. म्हणाली, "माणिक मला पाणी देत नाही रे. तू तरी दे."

माझी तक्रार माझ्याकडेच. दिलं मी. डॉक्टर गेला खड्ड्यात म्हटलं आणि तिला हवं तेवढं दिलं. तू दिलंस असं समजून ती प्यायली, आणि थोड्या वेळानं गेली. समाधानानं गेली.

हे ऐकून तू माझे पाय धरले होतेस. आणि वर्षाच्या आत त्याचं गाणं केलंस! ओंजळ तुझी झाली, मांडीही तुझी, आणि मला काय दिलंस, तर लोटलेलं दार. कथेला कुणीतरी वाईट माणूस लागतंच, एवढं मलाही कळतं. पण तुला घरातलंच सापडावं? मला राग येतो, बळू. स्वयंपाक करताना येतो, वेणी घालताना येतो.

नीलाला मी सांगू शकत नाही. सांगायचं तर आजी शेवटी माझ्याबद्दल काय बोलली तेही सांगावं लागेल, आणि ते माझ्या तोंडून गेलं तर आपलं झाकायला आईला खोटं पाडल्यासारखं होईल. शिवाय तुझ्या गाण्यापुढे माझं कोण ऐकतंय?

गाणं बदल, असं मी म्हणत नाही. त्याच ओळीला लोक रडतात, तुझ्यानं ती सुटायची नाही. पण भाऊबीजेला आलास तर पाटावर बसायच्या आधी नीलाला जवळ घे आणि आजीला पाणी कुणी दिलं ते तिला सांग. गाऊन नको. नुसतं सांग.

ते जमणार नसेल तर येऊ नकोस. भाऊ नसलेल्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. मीही ओवाळीन.

अजून तरी तुझी ताई,
माणिक