नफीसाच्या गच्चीवरचे कौल

रमजान, ४

लेकीचा, इनासचा फोनवर निरोप आला. फ्रेंच अक्षरं, त्यात मध्येच सात, मध्येच तीन. मला वाटलं कोणाचा तरी नंबर पाठवलाय. लावून पाहिला. लागेना. घरी आल्यावर विचारलं तर म्हणते, "यम्मा, नंबर कुठला? येताना दूध आण, असं लिहिलंय." सात म्हणजे म्हणे घशातला ह. चोवीस वर्षांची घोडी, विद्यापीठात शिकलेली — आणि दूध आकड्यांत मागते!

मी चौथीतून घरी बसले. पण बोलायला मला माझ्या आईने शिकवलं. ती मासेवाल्याशी भाव करायला लागली की आमच्या बाब-एल-वेद मोहल्ल्यातल्या बायका खिडक्या उघडून ऐकायच्या. ह्या पोरी वाक्य आपल्या बोलीत सुरू करतात, फ्रेंचमध्ये संपवतात आणि मधली क्रियापदं खाऊन टाकतात. रोज्याचे दिवस आहेत, निदान दिवसा तरी खाऊ नका.

स्लिमानला हे सांगितलं. नवरा म्हणजे कसा — पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "तुझी आई तुझ्याबद्दल हेच म्हणायची."

आज त्याच्या शोरब्यात मटण कमी.

रमजान, ५

काल रोजा सोडल्यावर वर राहणाऱ्या नफीसाच्या गच्चीवर बूकालाचा खेळ. बायका गोल बसल्या, मध्ये पाण्याची सुरई. प्रत्येकीने रुमालाच्या टोकाला गाठ मारली, मनात एकेक माणूस धरला. मग एकीने ओळी म्हणायच्या, आणि तोच त्या माणसाबद्दलचा कौल. मग गाठी सोडायच्या आणि कोणाला धरलं होतं ते सांगायचं. आजवर अशा कौलांनी निम्म्या मोहल्ल्याची लग्नं लागलीत, उरलेल्या निम्म्याची मोडलीत.

नफीसाने एक जुनं म्हटलं —

*जाई लावली दारात, वेल गेला शेजारी,*
*माझं नाव त्याच्या ओठी, वास येतो दुपारी.*

दोघीतिघींनी डोळे टिपले. तेवढ्यात इनासच्या मैत्रिणीने फोन काढला आणि त्यातून वाचलं —

*माझा राजा गाडीवाला, काळा चष्मा डोळ्याला,*
*प्रेम करते म्हटलं त्याला, तर तो "मेर्सी" म्हणाला.*

प्रेमाला उत्तर काय, तर फ्रेंचमध्ये "आभारी आहे"! पोरी हसून लोळल्या. मी म्हटलं, सुरईतलं पाणी ओतून द्या, नासलं असेल.

नफीसा पण हसत होती. तिला हल्ली आवाजावरून माणसं ओळखावी लागतात. डोळ्याचा पडदा सुटतोय. मुलगी समुद्रापल्याड मार्सेयला नर्स आहे, तिने तिथे ऑपरेशन ठरवलंय. उशीर केला तर दिसणं कायमचं जाईल म्हणे.

रमजान, ६

शोरबा खारट झाला. कोणी बोललं नाही. बोलता कुठे येतं कोणाला.

रमजान, ८

खरी गोष्ट लिहायची टाळतेय, ती आता लिहिते. इनासला मागणी आलीय. मुलाचं नाव रियाद. आई आमच्याच मोहल्ल्यातली, तो जन्मला मात्र मॉन्ट्रियलला. इंजिनियर. उत्तर ईदला द्यायचंय.

काल फोनवर दिसला. दिसायला बरा आहे, खोटं कशाला बोलू. पण तोंड उघडलं आणि — "खाला, तुमचा तब्येत चांगला आहेत?" तीस वर्षांचा बाप्या, बोलणं तीन वर्षांच्या पोराचं. इनास तोंडावर हात धरून हसत होती. मी विचारलं, "ह्याच्याशी भांडशील कशी?" तर म्हणे, "फ्रेंचमध्ये, यम्मा." फ्रेंचमध्ये कधी कोणाचं भांडण झालंय का? ती तर सारखी माफीच मागतात.

उद्या ह्यांना पोरं होतील. ती पोरं फोनवर माझ्याकडे बघून हसतील. मी त्यांच्याकडे बघून हसेन. पुढे काय? हसून हसून माणूस किती हसणार?

इनासला हे बोलून दाखवणार नाही. "जाऊ नको" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी बॅग भरेल. माझीच मुलगी आहे ती.

रमजान, ९

बोराकची पारी लाटता लाटता ओळी जुळवल्या. स्लिमान दारात येऊन म्हणाला, "कोणाला शिव्या देतेस?" मी म्हटलं, "अजून ठरायचंय."

रमजान, १०

म्हटलं मी काल गच्चीवर! आधी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या आजीचं आहे, फार जुनं —

*समुद्र बोलावतो गोड, मागे यायची वाट नाही,*
*पल्याड दिवे लाख, तुझ्यासाठी वात नाही,*
*ताटं तिथली रुप्याची, वाढणारा हात नाही.*

बायकांनी उसासे टाकले. फोनवाल्या पोरीने तर मला पुन्हा म्हणायला लावलं. मी इनासकडे बघतेय. तिने सावकाश गाठ सोडली आणि म्हणाली, "मी नळवाल्याला मनात धरलं होतं. येत नाही वाटतं तो."

सगळी गच्ची हसली. नफीसा हसली नाही.

रमजान, १२

घोळ झालाय. नफीसाने मार्सेयचं तिकीट रद्द केलं. तिने त्या वेळी ऑपरेशनच्या डॉक्टरला मनात धरलं होतं. "मागे यायची वाट नाही, स्पष्ट कौल आहे," म्हणते. तिच्या मुलीचा मला फोन. रडत होती. "खाला, तुम्हीच समजवा, ती फक्त तुमचं ऐकते."

गेले. म्हटलं, "अगं, ते नुसतं गाणं आहे."

"तुझ्या आजीचं आहे. जुनी माणसं उगाच बोलत नसत."

"आजीचं नाही. मीच केलंय, तीन दिवसांपूर्वी, बोराक लाटताना."

नफीसाने माझा हात थोपटला. "मला धीर द्यायला किती खोटं बोलशील? तू? तुला शिव्या जुळतात, यमक नाही."

चाळीस वर्षांची मैत्रीण आहे. नसती तर दाखवलं असतं काय काय जुळतं ते. घरी येताना जिन्यात मागे कोणाची तरी पावलं वाजली. वळून पाहिलं तर नफीसा, भिंत चाचपत मला माझ्या दारापर्यंत पोचवायला आलेली.

रमजान, १३

दुसरं जुळवतेय. शिवणाचं काम तसंच पडलंय. "बुडवीन" हा शब्द बरा आहे की तिला घाबरवेल? ठेवला. बुडायचं ते काळोखाला.

रमजान, १४

म्हटलं. ह्यावेळी आजीच्याही आईचं, असं सांगितलं. खोटं बोलायचं तर वरच्या पिढीत न्यावं.

*लाट म्हणते, बस पाठीवर, जपून तुला नेईन,*
*काळोख तुझा बुडवीन, उजेड हाती देईन,*
*दार उघडं ठेवा म्हणावं, परत घेऊन येईन.*

नफीसाला गाठ दिसेना, तिची मीच सोडली. "डॉक्टर," म्हणाली. "ह्याही वेळी डॉक्टरच धरला होता." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मी मनात म्हटलं, झालं एकदाचं काम.

तेवढ्यात इनासने मुठीतला रुमाल उलगडला. कोणी विचारलंही नव्हतं तिला. खाली बघत म्हणाली, "रियाद."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी आनंदाची हाळी घातली. सगळ्यांच्या मागोमाग मीही घातली. काय करणार?

रमजान, १५

सोपं आहे तसं. उठायचं आणि सांगायचं — दुसरंही माझंच, कौल नाही काही नाही. इनास विचारात पडेल. पण ते वर नफीसाच्या कानावर जाणारच. ह्या इमारतीत पाणी वर चढत नाही, बातमी मात्र दोन्हीकडे फिरते. एकदा तिने विश्वास ठेवला नाही. दोनदा ऐकलं तर ठेवेल, आणि भिंत चाचपत घरीच बसेल.

सकाळी नफीसाचा निरोप. नवीन तिकीट काढलं.

मी गप्प आहे. स्लिमानने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का.

रमजान, २१

नफीसा गेली. विमानतळावर मला म्हणाली, "तुझ्या पणजीला दुवा दे." दिली.

रमजान, २५

मुलीचा फोन होता. ऑपरेशन नीट झालं. डोळा उघडल्यावर पहिल्यांदा नर्सचे बूट दिसले आणि नफीसा म्हणाली, "घाणेरडे आहेत." बरी आहे ती.

रमजान, २७

इनासने हो कळवलं. मला सांगायला आली तेव्हा मी ईदच्या मिठाईचं, मकरूटचं पीठ मळत होते. "मबरूक," म्हटलं, आणि पीठ मळतच राहिले. ती थोडा वेळ ओट्याला टेकून उभी होती. मग माझ्या पाठीवर टेकली. एवढी मोठी घोडी.

ईद

रियादचा फोन. इनासने तो माझ्या हातात कोंबला आणि आत पळाली.

"खाला, ईद मबरूक. एक विचारते. पहिली गाणं माझ्या अंगावर होता ना?"

व्याकरणाचा मुडदा पडलेला. तरी बाण बरोबर लागला. म्हटलं, "कुठलं पहिलं?"

"समुद्रवाली. दुसरी नफीसा आजीचा, डोळ्यासाठी. इनास दोन्ही मला पाठवली. ती म्हणाली, ही जुनी नाही, ही आमच्या यम्माची आवाज आहे. मी खूप वेळा ऐकली. सगळा समजली."

आतून इनास ओरडली, "आणि 'रियाद' म्हटलं तेव्हा गाठ मी मारलीच नव्हती! तुझं तोंड बघायचं होतं."

मला काही सुचेना. मला!

तो म्हणाला, "आता एक माझा पण करा, खाला. पण हळू बोला. मी शिकायची आहे."

मी खुर्ची ओढली. एक ओळ म्हटली, हळू. त्याने म्हणून दाखवली. तीन चुका.

पुन्हा म्हटली.

दोन.