आपली लाँड्री सभागृहात

४ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन मध्येच ठेवलात, म्हणून लिहिते. घडलं ते एवढंच:

१. छोट्या उद्योगांत इंधन किती जळतं, याची मोजणी संसदेच्या समितीला हवी होती. तिथल्या तांत्रिक विभागात ते काम माझ्याकडे आलं. तुम्हीच म्हणालात, आपल्या लाँड्रीपासून सुरुवात कर.

२. मी येऊन दिवसभर मोजलं. किलोभर कपड्यांमागे जेवढं तेल लागायला हवं, त्याच्या दुपटीहून जास्त लागलं. तो आकडा मी नाव न घालता अहवालात दिला.

३. काल ऊर्जा बचतीच्या विधेयकावर बोलताना एका सदस्यांनी तो वाचून दाखवला. जुना बॉयलर बदलायला छोट्या उद्योगांना एका वर्षाऐवजी तीन वर्षं द्यावीत, अशी दुरुस्ती सुचवलेली आहे. ते म्हणाले, हॉस्पिटलच्या चादरी धुणारी एक लाँड्री पाहा. असल्या उधळ्यांना एक दिवससुद्धा जास्त देऊ नये. बाकं वाजली.

४. दुरुस्तीवर मतदान २४ तारखेला आहे.

एका वर्षात नवा बॉयलर तुम्हाला झेपणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही आकडा मी मोजलेला आहे, तो मला नाकारता येत नाही. काकूला सांगा, मी वेळेवर जेवते.

माया होती तेवढीच राहू द्या.
तुमची पुतणी


८ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

क्रमांक घालून लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर नक्की कुठल्या मुद्द्यावर चिडायचं ते मला कळलं नसतं.

टीव्ही लाँड्रीतच चालू होता. इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, अहो, ही तर आपलीच की. मी म्हटलं, छे. पण हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्र्या या शहरात आहेत किती? समोरचा ड्रायक्लीनर रोज सकाळी, काय उधळे, झाला का चहा, असं विचारतो. त्याचं सगळं विजेवर चालतं, त्याला काय जातंय.

पुढचं काकूने बजावलं म्हणून लिहितो. तू येणार म्हणून आदल्या दिवशी जादा पाळी लावून आम्ही सगळ्या चादरी धुवून पाठवल्या. मळक्या कपड्यांचे ढीग तुला दिसू नयेत, एवढंच मनात होतं. मग पुतणी इंजिनिअर होऊन पहिल्यांदा कामानिमित्त येतेय, तिच्यासमोर एकही मशीन बंद नको, म्हणून सकाळपासून सगळी चालू केली. सहापैकी चार ड्रम जवळजवळ रिकामे फिरत होते. ड्रायरही तसेच. रोज असा कारभार केला असता तर केव्हाच कुलूप लागलं असतं. काकू म्हणते, पाहुणे आले की घर आवरतात, कारखाना आवरणारा माणूस मी याच घरात पाहिला.

आता हे सांगायचं कुणाला? उधळ्या तर ठरलोच, वर वेडाही ठरायचं. गप्प राहावं म्हणतो, आणि गप्पही बसवत नाही. एकच वर्ष मिळालं तर इथल्या माणसांना काय सांगायचं, ते मनात जुळवत बॉयलरभोवती फेऱ्या मारतो.

रागावलोय, पण तुझ्यावर हक्क आहे म्हणून.
तुझा काका


१२ मार्च

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. त्या दिवशी काट्यावर कपडे कमी भरले, ते माझ्या लक्षात आलं होतं. धंदा मंदावला असेल, विचारलं तर तुम्हाला लागेल, म्हणून विचारलं नाही. हे कारण मला कुठल्याही अहवालात लिहिता येणार नाही.

आज आमच्या प्रमुख बाईंना सगळं सांगितलं. आधी त्या मला बरंच बोलल्या. नातं पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस, हे त्यांचं म्हणणं योग्य आहे. मग म्हणाल्या, नुसत्या पुतणीच्या शब्दावर आकडा मागे घेतला, तर कुणीही विश्वास ठेवणार नाही. ड्रम रिकामे का फिरवले, याचं तुमच्या सहीचं निवेदन हवं. शिवाय पुन्हा मोजणी होईल. मोजायला मी येणार नाही, माझी सहकारी येईल, आणि ती आधी कळवणार नाही. कृपा करून तिच्यासाठी काहीही आवरू नका.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. साध्या दिवशीही तुमचा आकडा चांगला येणार नाही. बॉयलरपासून ड्रायरपर्यंतचा वाफेचा पाइप उघडा आहे, त्यावर वेष्टन नाही. आकडा दुपटीवरून खाली येईल, पण लागायला हवं त्याच्या वरच राहील. कायदा हवाच, हे माझं मत बदललेलं नाही. तीन वर्षं मिळवायला नवा आकडा पुरेल की नाही, ते मला सांगता येत नाही.

निवेदन सभागृहात वाचलं जाईल. लोक हसतील. तेव्हा मी वरच्या सज्जात बसलेली असेन आणि ते ऐकत असेन. हसले तर हसू द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. सही केली नाहीत तरी माझ्या मनात तुमच्याविषयी काही कमी होणार नाही, हे मात्र लिहून देते.

काकूशी बोला. निवेदनावर सही करणार की नाही, ते सोमवार, १७ तारखेपर्यंत कळवा.

तुमची पुतणी