जावई, जस्त आणि खारं पाणी

४ मार्च

मोडला! बोटीचा ट्रेलर — धक्क्याच्या उतारावर, सगळ्यांच्या देखत. सांगाड्याची मागची पोकळ लोखंडी नळी मधोमध तुटली, बोट एका कुशीवर कलंडली आणि मी गुडघाभर पाण्यात उभी. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. जावई जीपमधून उतरला आणि पहिलं वाक्य काय, तर "आई, मी म्हटलं होतं."

म्हटलं होतंस! माझ्या घरात राहतोस, जेवतोस आणि म्हणतोस. दुसरं करतोस काय?

५ मार्च

तुटलेली नळी अंगणात पडलीय. बाहेरून चकचकीत, दर वर्षी मीच रंगवते. आत बघितलं तर गंजाचे पापुद्रे. खारं पाणी आत मुक्काम ठोकून बसलेलं आणि मी वरून रंग फासत होते.

जावयाने आत बोट घालून गंज काढला आणि लेकीला दाखवला. मला काही बोलला असता तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं!

खेकड्यांचे पिंजरे अजून पाण्यातच. हॉटेलवाल्याचा परत फोन — "बाई, माल कधी?"

७ मार्च

जेवताना जुंपली. मी म्हणते, जस्त चढवलेलं लोखंड घ्यायचं. अख्खा सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात, आत-बाहेर सगळीकडे बसतं. त्याचं एकच तुणतुणं — अ‍ॅल्युमिनियम. "आई, ते गंजतच नाही. आणि वजनाला किती हलकं!"

मी म्हटलं, "आणि बोल्ट कशाचे? ते दुसऱ्या धातूचेच ना? दोन धातू जिथे टेकतात तिथे खारं पाणी अ‍ॅल्युमिनियमच कुरतडतं." त्याने हातातला घास ताटात ठेवला.

मग हळूच — "जस्तही झिजतंच की."

झिजतं. पण आधी स्वतः झिजतं, लोखंडाला हात लावू देत नाही. तेवढं ह्या घरात कोण करतं?

लेकीला विचारलं, तुझं काय? "मला काही मत नाही," म्हणाली आणि ताट उचलून गेली. अर्धं जेवण तसंच. ही कोणाच्या बाजूची आहे, तेच कळत नाही.

८ मार्च

त्याच्याशी बोलणं बंद.

१० मार्च

ट्रेलरवाल्याकडे गेले. एकटी, मुद्दाम न सांगता. तर जावई आधीच तिथे! ऑफिस बुडवून! ट्रेलरवाला दोन्ही हात चोळत पुढे — "वा, सासू-जावई जोडीने!" जोडीने म्हणे. तो माणूसही एक नंबरचा बेरकी. जो माल पडून आहे त्याचंच गुणगान.

अ‍ॅल्युमिनियमचा एक तयार उभा होता. जावयाने पुढचा दांडा एका हाताने उचलून दाखवला. "बघा ना आई. आता तुमच्या वयाला—"

वय काढलं! गिऱ्हाइकांसमोर!

मी म्हटलं, "माझं वय काढण्याआधी स्वतःचं घर उभं करून दाखव. सासूच्या छपराखाली झोपणाऱ्याने मला वजन शिकवू नये."

दांडा खाली ठेवला त्याने. आवाजही न करता. चेहरा पांढराफटक. निघून गेला.

मला बरं वाटलं. इथे कोण वाचतंय? हो, बरं वाटलं.

जस्ताचा सांगून आले. बोट माझी आहे.

१३ मार्च

जावई पुढच्या खोलीत झोपायला लागलाय. फुगलाय. फुगू दे.

१९ मार्च

ट्रेलर आला. राखाडी, खरखरीत, देखणा अजिबात नाही. आणि जड — धूड आहे नुसतं! अंगणात वळवताना कमरेतून कळ निघाली. मेले तरी कोणाला सांगणार नाही.

पहिल्यांदा पाण्यात घातला. बोट अलगद सुटली. दिवसभर पिंजरे उपसले. परत आले तर जावई जीपला ट्रेलर जोडून उतारावर हजर, न बोलावता. घरी आल्यावर पाइप लावून गोड्या पाण्याने अ‍ॅक्सल, स्प्रिंगा, ब्रेक, सगळं धुतलं. जमिनीवर आडवा होऊन, खालून! मी काही सांगितलं नव्हतं.

ढोंगी.

लेक खिडकीतून बघत होती. मला म्हणाली, "आई, जरा बोलायचंय." मी म्हटलं, त्याची वकिली असेल तर नको. "त्याची नाही," म्हणाली. तेवढ्यात हॉटेलवाल्याचा माणूस आला आणि राहिलंच.

२२ मार्च

लेक गेली. दोन बॅगा, दारात टॅक्सी.

"तो वाईट नाही, आई. मला त्याच्याबरोबर राहायचं नाही, एवढंच. त्याला महिनाभरापासून माहीत आहे." टॅक्सीत बसता बसता म्हणाली, "त्याला जायला सांग. घर तुझं आहे."

हेच तर मला लग्नापासून म्हणायचं होतं. आज जीभ उचलेना.

तो कपड्यांच्या घड्या घालत होता. मी दारात उभी राहून म्हटलं, "ठेव ती बॅग. पहाटे पाण्यात जायचंय."

त्याने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. मग विचारलं, "आता तुम्हाला काय म्हणू?"