भरल्या कपाळाने

९ जानेवारी १९४६, सांगली

मिरजेहून आत्ताच परतलो. डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. विनोदिनीच्या मांडीच्या हाडातला कॅन्सर फुप्फुसात पोचलाय, यकृतातही. पाय कापून आता उपयोग नाही. मुंबईला किरणांचा शेक देतात — त्याने दुखणं कमी होईल, कदाचित चार महिने जास्त मिळतील. कदाचित!

टांग्यात तिने विचारलं, "काय म्हणाले?" मला खोटं कुठलं जमायला! सांगून टाकलं.

"म्हणजे तुमच्या आधी जाणार मी. मग झालं तर! भरल्या कपाळाने जाईन." वर हसली. मी तोंड फिरवलं.

११ जानेवारी

मुंबईचं नाव काढू देत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

पलंगावर बसूनच हळदीकुंकू केलं हिने. गल्लीतल्या सगळ्याजणींना हिच्याच हातचं कुंकू हवं — नवऱ्याआधी जाणारी सवाष्ण ना! बुधगावची दूधवाली साळूबाई तर पाया पडली. "लय नशिबाच्या तुमी, बाई. कुकू घिऊन निगालाय." ही राणीसारखी बसलेली. माझी विधवा बहीण शरयू अशा दिवशी स्वयंपाकघराबाहेर येत नाही. आतूनच तिळगूळ पाठवत होती.

मला भयंकर संताप आला. मी मागे उरणार याचं एवढं कौतुक, आणि ही जगावी असं एकीलाही वाटू नये?

२ फेब्रुवारी

पुन्हा मुंबईचं काढलं. "एवढं चांगलं मरण मिळतंय, त्यात मोडता घालू नका." चिडून शाळेत गेलो, पोरांवर उगाच ओरडलो. येताना अंजीर आणले. हिने दोनच खाल्ले. पण खाल्ले!

७ फेब्रुवारी

खोकल्यातून रक्त.

११ फेब्रुवारी

शरयू रोज हिची वेणी घालते. दोघी काहीतरी कुजबुजतात. मी गेलो की गप्प.

१२ फेब्रुवारी

सकाळी कुंकवाचा करंडा पुढे केला, तर हिने माझा हात धरला. "राहू दे." मग माझ्याकडे न बघता — "तुम्ही आधी गेला असतात, तरी चाललं असतं मला. वन्संसारखी आत बसून राहिले असते. पण जिवंत असते हो!" आणि रडायला लागली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

मला वाईट वाटायला हवं होतं. छे! तिला पोटाशी धरलं. "चल मुंबईला," म्हटलं. तिने मान डोलावली.

आजच्याच गाडीने निघतोय.