कोपऱ्याचा खांब

प्रिय मेबल,

मार्मालेडची बरणी पोचली. संत्र्याची साल अगदी आईसारखी बारीक चिरली आहेस. हॅरॉल्डने दोन दिवसांत अर्धी संपवली. मला मात्र एक घास उतरला नाही. का, ते सांगायलाच बसले आहे.

आमच्या घराला टेकू लावलेत ते तू येता-जाता पाहिलेच असशील. वरचा मजला चारशे वर्षं हाय स्ट्रीटवर पुढे झुकून उभा आहे, कधी कुरकुरला नाही. नोव्हेंबरात मात्र वरच्या खोलीचं दार अडकायला लागलं. पेटिट सुताराने कोपऱ्यावरचं सिमेंट फोडलं, तर आतला ओकचा खांब, अख्खा मजला ज्याच्यावर बसलाय तो, बुडाशी काळा पडलेला. पेटिटने माझ्याकडून चमचा मागून घेतला आणि ख्रिसमसचं पुडिंग काढावं तसं लाकूड काढून दाखवलं. "बाई, ओकवर सिमेंट? कुठल्या गाढवाचं काम हे?" हॅरॉल्ड फणकारला, "आमच्या साडूचं!" मी चहा ओतत होते. ओततच राहिले.

पुढचं तू भोगतेच आहेस. तुझ्या एमसला आता कुणी गिलाव्याला बोलवत नाही. बेकरीत एक जण म्हणाली, "त्याला कोंबड्यांचं खुराडं सारवायला द्या, कोंबड्या तक्रार करत नाहीत." सगळ्या हसल्या. हसण्यापुरते माझेही ओठ हलले, मेबल.

एमसने तुला खरं सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मार्मालेड आलं नसतं.

राणीच्या राज्याभिषेकाचं वर्ष. सगळी हाय स्ट्रीट नटत होती आणि आमच्या दर्शनी भिंतीचे पोपडे पडत होते. घरातलं काम म्हणून हॅरॉल्डने ते माझ्यावर सोपवलं. एमसने भिंत ठोकून पाहिली. म्हणाला, "ताई, आत काठ्यांचा कुड आहे, त्यावर माती. इथे चुनाच हवा, गाईचे केस घालून, तीन हात. प्रत्येक हात सावकाश वाळू द्यायचा." म्हणजे दोन महिने खालच्या आमच्या दुकानापुढे परांच्या, आणि वर दर दोन-तीन वर्षांनी सफेदी. मला ते उधळपट्टीचं वाटलं. मी म्हटलं, सिमेंट लाव, चार दिवसांत मोकळे होऊ. तो म्हणाला, "लाकडाला श्वास लागतो हो. सिमेंटने पाणी आत कोंडेल. जिवंत माणूस पुरायला सांगताय तुम्ही." मी हसले. "पुरे झालं तुझं प्रवचन! तू नाही केलंस तर इप्सविचचा माणूस आणीन. मग मेबलला तूच सांग, बहिणीच्या घराला नाही म्हणालास ते." त्याने खाली मान घालून सिमेंट कालवलं. हॅरॉल्डला वाटतं, लवकर सुटावं म्हणून एमसनेच ते निवडलं. तसं वाटू दिलं ते मी.

परवा चर्चमध्ये मला एकटीला गाठून एमस एवढंच म्हणाला, "ताई, टेकू मंगळवारी तपासून घ्या, पाऊस झालाय." बस्स. त्याने ओरडायला हवं होतं. तीन रविवार मी प्रभुभोजनाला पुढे गेलेले नाही. पाद्रीसाहेबांना डोकं दुखतं म्हणून सांगते. देवाला काय सांगू?

गुरुवारी चर्चची समिती बसते आहे. जुन्या सभागृहाच्या भिंतींच्या गिलाव्याचं काम कुणाला द्यायचं ते ठरेल. एमसने अर्ज केलाय आणि समितीत बसणारा हॅरॉल्ड तो फेटाळायला निघालाय. ते काम गेलं तर तुम्ही हे गाव सोडून इप्सविचच्या कारखान्याकडे जाणार, असं ऐकलं. मी सभेत उभी राहून सगळं सांगणार आहे. पण मी स्वतःला ओळखते. एकदा गप्प बसलेली बाई पुन्हा बसू शकते. तूही सभेला ये, आणि माझं तोंड उघडलं नाही तर तिथल्या तिथे हे पत्र पाद्रीसाहेबांच्या हातात दे. माझी गय करू नकोस. खाली पूर्ण नाव लिहिते आहे, म्हणजे हे माझं नव्हे असं कुणाला म्हणता येणार नाही. मलासुद्धा.

माफी न मागता, तुझीच,
एनिड मार्था ब्लूमफील्ड